तिसरं नाव

"चौघांपैकी एकाचंही जुळत नाही?" डॉक्टर शिरगुप्पे दारातूनच म्हणाले.

"नाही, सर."

"तोडकरबाई, पेशंट ओ पॉझिटिव्ह. नवऱ्यानं गावातून आणलेले चौघेही ओ पॉझिटिव्ह. न जुळायला झालंय काय?"

मी नळी खिडकीकडे धरली आणि हळूच हलवली. तळाला बसलेलं रक्त धुरासारखं सुटून वर यायला हवं होतं. ते सुटलं नाही. लाल खडा तसाच्या तसा नळीभर फिरला आणि पुन्हा खाली जाऊन बसला. डॉक्टरांनी तो पाहिला. उरलेल्या तीन नळ्या मी त्यांना दाखवल्या, त्यांतही तसेच खडे होते.

"नळ्या घाणेरड्या असतील."

"दुसऱ्यांदा लावलंय, सर. नव्या नळ्यांत."

त्यांनी नळ्या एकेक करून परत ठेवल्या. मग म्हणाले, "तिचं हिमोग्लोबिन पाचवर आलंय. वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी आहे, रक्त थांबत नाही. मला जास्तीत जास्त दुपारी बारापर्यंत पोट उघडायलाच पाहिजे, आणि रक्त हाताशी नसताना उघडणं म्हणजे तिला मारणं. तुम्ही मला एक बाटली द्या. ओ ला ओ चालतं, हे तर शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं."

ते गेले. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

ही गोष्ट एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या ऑक्टोबरमधली, गडहिंग्लजची. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते. मिरजेला लॅबचा डिप्लोमा करून त्या हॉस्पिटलात लागल्याला तीन वर्षं झाली होती. लॅब म्हणजे जिन्याखालची एक खोली. त्यात एक सूक्ष्मदर्शक, नळ्या गरागरा फिरवणारं एक यंत्र, एक फ्रीज आणि मी. रक्त घेणारी मी, तपासणारी मी आणि कागदावर सही करणारीही मीच.

पेशंटचं नाव रंजना. वय सव्वीस, आठवा महिना, पहिलंच बाळंतपण. गडहिंग्लजपासून दहा-बारा मैलांवरच्या गावातून पहाटे तिला ट्रॅक्टरमधून आणलं होतं. सोबत नवरा होता आणि आई होती. आईचं नाव आनुबाई. तिनं येताना रंजनाचं तपासणीचं कार्ड कापडात गुंडाळून, पोटाशी धरून आणलं होतं. त्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेलं होतं, आणि खाली सही माझी होती.

डॉक्टर गेल्यावर मी माझ्या बोटाला सुई टोचली. मी स्वतः ओ. माझं रक्त रंजनाच्या सीरमशी, म्हणजे तिच्या रक्तातल्या वरच्या पिवळट पाण्याशी, लावून पाहिलं. खडाच. मग तिचं रक्त तिच्याच सीरमशी लावलं. नळी हलवली, तसं ते अलगद सुटलं आणि पाणी गुलाबी झालं. म्हणजे नळ्या स्वच्छ होत्या, यंत्र ठीक होतं, माझा हातही ठीक होता. या बाईचं रक्त फक्त स्वतःला ओळखत होतं, बाकी जगातल्या कुणालाही जवळ येऊ देत नव्हतं.

मला कुठंतरी वाचल्याचं, नव्हे, ऐकल्याचं आठवायला लागलं. पण नुसत्या आठवणीवर विसंबून एका बाईचा जीव पणाला लावायचा नव्हता. मी ऑफिसात जाऊन मिरजेला फोन लावला. आमचे किणीकर सर तिथं रक्तपेढी बघत. नशिबानं ते जागेवर होते.

"सर, मी हेमलता तोडकर. एक्याण्णवच्या बॅचची."

"बोल बाळ."

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "गाठ कशी आहे? बारीक बारीक, की एकच?"

"एकच गोळा, सर. गरम पाण्यात ठेवूनही तसाच."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"हेमलता, नीट ऐक. ती ओ नाही. ओ वाल्या माणसाच्या पेशींवर ए नसतं, बी नसतं, पण ज्याच्यावर ए नि बी चढतात तो पाया तरी असतो. त्याला एच म्हणतात. हिच्याकडे तो पायाच नाही. म्हणून तपासताना ती ओ दिसते. पण तिच्या दृष्टीनं तुझं-माझं ओ सुद्धा परकंच. याला बॉम्बे ग्रुप म्हणतात. मी तुम्हाला शिकवलं होतं."

"हो, सर."

"दहा हजारांत एखादा माणूस. आपल्या या पट्ट्यात नात्यात लग्नं होतात, म्हणून थोडे जास्त. तिला दुसऱ्या कुणाचं रक्त द्यायचं नाही. चमचाभरही नाही. कुणी कितीही ओरडू दे." मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा ग्रुप तूच काढलास?"

"हो."

"तेव्हा उलटी तपासणी केली होतीस? तिच्या सीरमला ओ पेशींची नळी लावली होतीस?"

ऑफिसातला कारकून माझ्याकडे बघत होता. मी भिंतीकडे तोंड केलं.

"नाही, सर. शिबिर होतं. त्र्याण्णव बायका होत्या. सगळ्यांचं काचपट्टीवरच उरकलं."

"बरं," सर म्हणाले. आवाज चढला नाही, त्याचंच मला जास्त लागलं. "ते नंतर. माझ्या वहीत या ग्रुपची सहा माणसं आहेत. तुला सगळ्यांत जवळचे बेळगावचे. बँकेत आहेत, दिवसा लांबच्या खेड्यातल्या शाखेवर असतात. मी त्यांना आत्ता फोन करतो, ते नाही म्हणणार नाहीत. पण तिथून निघून तुझ्याकडे पोचेपर्यंत तीन-साडेतीन वाजतील. तुझ्याकडे तेवढा वेळ आहे?"

"बारापर्यंत."

"मग सख्खी भावंडं शोध. आई एक, बाप एक, अशी. चौघांत एकाचं जुळण्याची आशा असते."

मी डॉक्टरांकडे गेले. ते वॉर्डात रंजनाच्या खाटेपाशी उभे होते. तिचा चेहरा पिठासारखा झाला होता. ओठ आणि हनुवटी यांच्यातला रंगाचा फरकसुद्धा उरला नव्हता. मी त्यांना बाहेर बोलावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. सरांनी सांगितलेलं आधी, आणि माझं नंतर.

"जुलैमध्ये मी अर्धीच तपासणी केली होती. ओ पेशींची एक नळी लावली असती तर तेव्हाच कळलं असतं. आपल्याकडे तीन महिने होते."

डॉक्टर शिरगुप्पे तापट म्हणून तालुक्यात प्रसिद्ध होते. मी मान खाली घालून उभी राहिले. वर पाहिलं, तर ते जिन्याच्या पायरीवर बसले होते.

"सकाळी आल्या आल्या मी म्हणणार होतो, क्रॉसमॅच, ती जुळवणी राहू दे, थेट बाटली लावा," ते म्हणाले. "तुम्ही ऐकलं असतंत?"

"माहीत नाही, सर."

"तर पंधरा मिनिटांत गेली असती." ते उठले. "तुमच्या चुकीचं काय करायचं ते मी उद्या बघेन. आज भावंडं शोधा."

आनुबाई वऱ्हांड्यात भिंतीला टेकून उकिडवी बसली होती. पन्नाशीची, सडपातळ, कपाळाला कुंकू नसलेली बाई. मी तिला लॅबमध्ये नेलं, आधी तिचंच रक्त काढलं आणि तपासलं. जुळलं नाही. तिला ते माझ्या तोंडावरून कळलं.

"मावशी, रंजनाला भावंडं किती?"

"एक भाऊ. मिलिटरीत हाय. पठाणकोटाला."

मी कागदावर लिहिलं. पठाणकोट. दोन दिवसांची वाट.

"आणखी?"

"आनि कोन न्हाई."

"चुलत-मावस नको. सख्खंच पाहिजे. रंजनाचे वडील?"

"ती बारकी हुती तवाच गेलं. हिरीत पडलं. माज्याच मामाचा ल्योक."

मी पेन खाली ठेवलं. आता मिरजेला परत फोन करून वहीतली बाकीची पाच माणसं कुठं कुठं आहेत ते विचारायचं, एवढंच उरलं होतं. मी दारापर्यंत गेले, तेवढ्यात मागून आवाज आला.

"बाई."

"काय?"

"आई एक आनि बा एक, एवढंच लागतंय न्हवं? नाव एक नसलं तरी चालतंय?"

मी मागे वळले. ती स्टुलावर तशीच बसली होती, पदराचं टोक दोन्ही मुठींत धरून.

"चालतं," मी म्हणाले.

"मग हाय एक. लिवा. शैलजा."

तिनं जे सांगितलं ते पाच मिनिटांत सांगितलं, आणि एकदाही डोळ्याला पदर लावला नाही. नवरा विहिरीत पडून गेला तेव्हा ती सहा महिन्यांची पोटुशी होती. पदरात दोन लेकरं, शेत वाटेकऱ्यांनी धरलेलं. गडहिंग्लजलाच एका दवाखान्यात तिला मुलगी झाली. शेजारच्या खाटेवर एक मास्तरीणबाई होती. तिचं मूल जन्मताच गेलं होतं, तिसऱ्यांदा. ती रात्रंदिवस भिंतीकडे तोंड करून पडलेली असे. आनुबाईच्या अंगावर दूध मायंदाळ होतं, आणि मुलगी रडायची तेव्हा ती बाई भिंतीकडचं तोंड वळवून बघायची.

"बाराव्या दिशी मीच म्हनलं, घ्या. तिनं मागितली न्हवती. तिच्या मालकानं महालक्ष्मीच्या देवळात माझ्याकडनं शबूद घेतला, की कंदी वळख सांगायची न्हाई, दारात यायचं न्हाई. आज ईस वर्सं झाली. रंजीला ठावं न्हाई, पोराला ठावं न्हाई."

"ती मुलगी कुठे असते आता?"

"हितंच. टाऊन हॉलाच्या मागं. आयतवारी बाजाराला आले की कंदीमंदी दिसती सायकलीवरनं जाताना. लांबनं बगते." तिनं पदराचं टोक सोडलं. "बाई, मी शबूद मोडला तर पाप लागंल का?"

मी पंचवीस वर्षांची होते. मी म्हणाले, "चला, हॉस्पिटलची जीप आहे."

सव्वादहाला आम्ही त्या घरापाशी उतरलो. छोटं, बैठं घर, फाटकाशी तगरीचं झाड. निर्मला हत्तरकी मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. मी त्यांना एकदोनदा बाजारात पाहिलं होतं. ताठ चालणारी, कमी बोलणारी बाई. नवरा चारेक वर्षांमागे वारला होता. त्या शाळेला निघण्याच्या तयारीत होत्या, एका हातात पर्स आणि दुसऱ्यात तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. मी नाव सांगायच्या आधीच त्यांची नजर माझ्या मागे गेली. आनुबाई फाटकाबाहेरच थांबली होती.

बाईंनी वह्या हळूच ओट्याच्या कट्ट्यावर ठेवल्या.

"तुम्ही हिला बरोबर घेऊन आलात. कोण तुम्ही?"

मी सांगितलं. सगळं, सरळ. त्यांनी ऐकून घेतलं. ऐकताना एकदा मागे वळून घरातल्या दाराकडे पाहिलं आणि ते ओढून घेतलं.

"शैलजाला यातलं काही माहीत नाही," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "तिला वडिलांनी किती जपलं, काय सांगू तुम्हाला. ते गेल्यावर वर्षभर ती नीट जेवत नव्हती. बारा दिवसांवर तिची परीक्षा आहे. आणि तुम्ही म्हणता, आत्ता, पाच मिनिटांत, मी तिला सांगायचं की ते तुझे वडील नव्हते आणि मी तुझी आई नाही."

"तुम्ही आईच आहात," मी म्हणाले.

"ते तुम्ही म्हणून काय उपयोग?" मग त्यांनी विचारलं, "तिचं रक्त नक्की जुळेल?"

इथं मला खोटं बोलता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं.

"नाही. चौघांत एकाचं जुळतं. तीनदा नाही, एकदा हो. कदाचित सगळं सांगून बसाल आणि उपयोग काहीच होणार नाही."

त्यांनी डोळे मिटले. फाटकाबाहेरून आनुबाई म्हणाली, "बाई, तुमची मर्जी. मी मागं पाऊल घेते. तुमी न्हाई म्हनला तर माझा राग न्हाई."

तिच्या आवाजात खरंच राग नव्हता. मला मात्र ते ऐकवेना.

"आणखी एक सांगायचं राहिलं," मी निर्मलाबाईंना म्हणाले. "ही वेळ माझ्यामुळे आली. जुलैत हिच्या मुलीचं रक्त मी तपासलं होतं. पूर्ण तपासलं असतं तर आज बेळगावचा माणूस हॉस्पिटलात येऊन बसलेला असता. तुमच्या दारात यावं लागलं नसतं. मी कंटाळा केला, आणि खाली सही केली."

"हे मला कशाला सांगता?"

"तुम्हाला मी मुलीशी खरं बोलायला सांगतेय. स्वतः लपवून ते कसं सांगू?"

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. शाळेतल्या मुलीकडे बघावं तसं. मग पर्स वह्यांवर ठेवली, दार उघडून आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी ओट्यावर उभी राहिले. आतून आवाज येत नव्हता. परसातल्या नळाखाली बादली भरून वाहत होती, तेवढाच आवाज. मी घड्याळ पाहिलं नाही. पाहिलं असतं तर दार वाजवलं असतं. आनुबाई फाटकाच्या खांबाला धरून उभी होती आणि जमिनीकडे बघत होती.

दार उघडलं. वीस वर्षांची, सावळी, उंच मुलगी बाहेर आली. एका बाजूची वेणी घातलेली, दुसऱ्या बाजूचे केस मोकळे. डोळे लाल होते, पण आवाज घट्ट होता.

"किती वेळ आहे?" तिनं मला विचारलं.

"दीड तास."

तिनं तिथंच उभ्या उभ्या सगळे केस एकत्र ओढून गाठ मारली आणि पायात चपला सरकवल्या. फाटकातून जाताना ती आनुबाईसमोर क्षणभर थांबली. आनुबाईनं मान वर केली नाही. निर्मलाबाई मागून दाराला कुलूप लावून आल्या.

जीपमध्ये मागे त्या तिघी बसल्या. मी पुढे. अर्धी वाट सरली. मग शैलजाचा आवाज आला.

"तिचं नाव काय?"

"रंजना," आनुबाई म्हणाली.

"मोठी आहे माझ्यापेक्षा?"

"सा वर्सांनी."

जीप हॉस्पिटलच्या फाटकात वळली.

हॉस्पिटलात पोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. दारातच नर्स म्हणाली की रंजनाची नाडी एकशे चाळीसवर गेलीय आणि डॉक्टर तीनदा विचारून गेले. मी शैलजाच्या हाताला पट्टा बांधला. शीर पटकन सापडली. मी सुई घातली आणि नळी भरून घेतली.

पहिल्यांदा ग्रुप. ए च्या थेंबात काही नाही. बी च्या थेंबात काही नाही. म्हणजे निदान दिसायला तरी ओ. पण सकाळचे ते चौघेही ओच होते. त्यावर आशा ठेवण्यात अर्थ नव्हता. मी तिच्या पेशी धुतल्या, रंजनाच्या सीरमचे दोन थेंब घातले, गरम पाण्यात ठेवलं. मग यंत्रात. ते यंत्र फिरायचं थांबतं तेव्हा शेवटी शेवटी फार रेंगाळतं. त्या दिवशी मी त्याच्यावर हात ठेवून उभी होते आणि हाताखाली ते हळूहळू शांत होत गेलेलं मला कळलं.

नळी काढली. तळाला लाल ठिपका होता. तो असतोच. मी ती खिडकीशी नेली. हलवायचं धाडस होईना. दारात निर्मलाबाई उभ्या होत्या.

मी नळी हलवली.

ठिपक्याच्या कडेनं एक धुराची रेघ निघाली. मग दुसरी. मग सगळा ठिपका सुटला आणि पाणी एकसारखं गुलाबी झालं. एकही गाठ नाही, कणसुद्धा नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. पेशी सुट्या सुट्या, स्वच्छ. मी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा लावलं. उलटी तपासणी केली, ओ पेशींची नळी लावली, आणि तिथे मात्र शैलजाच्या सीरमनं माझ्या पेशींचा लाल खडा केला. हुबेहूब बहिणीसारखा.

"काय?" निर्मलाबाई म्हणाल्या.

मी मान हलवली. कशी हलवली कुणास ठाऊक, कारण त्यांनी पुन्हा विचारलं, "हो की नाही?"

"हो," मी म्हणाले आणि रिपोर्टचा कागद पुढे ओढला.

बाकीच्या आवश्यक तपासण्या उरकून पावणेबाराला बाटली भरायला घेतली. शैलजा खाटेवर पडून छताकडे बघत होती. "एक पुरेल?" तिनं विचारलं. मी म्हटलं, पहिली महत्त्वाची, दुसरी साडेतीनला बेळगावहून येतेय. "मग माझी लवकर भरू दे," ती म्हणाली आणि मूठ जोरात उघडझाप करायला लागली.

बारा वाजून दहा मिनिटांनी डॉक्टर शिरगुप्प्यांनी बाटली माझ्या हातातून स्वतः घेतली. कोमट होती अजून. त्यांनी चिठ्ठी वाचली, नळीचा रिपोर्ट वाचला, माझ्याकडे पाहिलं. "खात्री?"

"तीनदा लावलंय, सर. उलटी तपासणीही केली."

पुढचा पाऊण तास मी ऑपरेशनच्या खोलीबाहेर उभी होते. पहिली पंधरा मिनिटं सगळ्यांत वाईट. बाटली लागल्यावर ज्या पंधरा मिनिटांत माणूस जातं, ती. आतून कुणी धावत आलं नाही. वीस मिनिटं झाली. मग भांड्यांचा आवाज, डॉक्टरांचं नर्सवर खेकसणं, आणि त्यानंतर एक बारीक, चिडलेलं रडणं. आठव्या महिन्याचं मूल इतकं जोरात रडेल असं मला वाटलं नव्हतं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीखाली घामाच्या धारा होत्या. "मुलगी. दोन किलोला थोडी कमी," ते म्हणाले. "आई बोलतेय. मला विचारते, माझी आई जेवली का?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "उद्या सकाळी नऊला माझ्या खोलीत या. जुलैच्या त्या त्र्याण्णव बायकांची यादी घेऊन. सगळ्या पुन्हा तपासायच्या."

आम्ही पुढच्या दोन महिन्यांत गावोगाव जाऊन त्या तपासल्या. बाकी सगळ्या जशा लिहिल्या तशाच निघाल्या. पुढे मी तीस वर्षं ही नोकरी केली, कितीतरी मुलींना हे काम शिकवलं, आणि एकही काचपट्टी अर्धी सोडली नाही. पण हे सगळं नंतरचं. मला सांगायचंय ते त्याच दुपारचं.

बेळगावचे ते गृहस्थ साडेतीनला एस्टीतून उतरले. पन्नाशीचे, टाय लावलेले, हातात जेवणाचा डबा. त्यांनी बाटली दिली, डबा खाल्ला आणि पाचच्या गाडीनं परत गेले. बाळ काय झालंय तेसुद्धा विचारलं नाही. फक्त म्हणाले, "कधीही सांगा." रंजनाला दुसरी बाटली लागली आणि तिच्या ओठांना रंग परत आला.

शैलजाला चक्कर आल्यामुळे मी तिला लॅबसमोरच्या छोट्या खोलीत झोपवलं होतं. तिला गाढ झोप लागली होती. बाहेरच्या बाकड्यावर एका टोकाला निर्मलाबाई बसल्या होत्या, दुसऱ्या टोकाला आनुबाई. मध्ये दोन माणसं मावतील एवढी जागा. नर्सनं ठेवलेला पाण्याचा तांब्या आनुबाईच्या बाजूला होता. दोघी समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. मी माझ्या दारात उभी होते. मला आत जावंसं वाटत नव्हतं.

"परीक्षेचं कसं?" आनुबाईनं भिंतीकडे बघतच विचारलं.

"देईल. हुशार आहे."

"बा पन हुशार हुता तिचा. चौथीपातूर पैला."

निर्मलाबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मला वाटतं, सकाळी फाटकाशी पाहिल्यानंतर पहिल्यांदाच.

तेवढ्यात खोलीतून हाक आली. झोपेतून उठलेल्या माणसाची असते तशी, घोगरी.

"आई..."

दोघीही उठल्या. अगदी एकाच वेळी. आनुबाई पुरती उभीही राहिली नव्हती, गुडघे अर्धे सरळ झालेले, आणि तिच्या ते ध्यानात आलं. ती तशीच खाली बसली. पदर सारखा केला. "जावा," ती म्हणाली. "तुमास्नी बोलावत्या."

निर्मलाबाई दारापर्यंत गेल्या. दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. त्यांची पाठ माझ्याकडे होती, त्यामुळे चेहरा दिसला नाही.

"पाणी मागत असेल ती," त्या मागे न बघता म्हणाल्या. "तांब्या तुमच्यापाशी आहे. घेऊन या."

आनुबाईनं तांब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला, पाणी काठोकाठ होतं, आणि एक थेंबही सांडू न देता ती त्या दारातून आत गेली.